कारच्या पाण्यावर तीन ऋतू

कारंजा म्हटले की बहुतेकांना वाशीम जिल्ह्यातले कारंजा लाड आठवते. आम्ही सांगतो आहोत ते कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्यातले. नागपूर-अमरावती महामार्गावर कोंढाळी आणि तळेगावच्या मधले. आजूबाजूला संत्र्याच्या बागा, टेकड्या आणि वर्धेला जाऊन मिळणारी कार नदी. या नदीवरील धरणाच्या काठी आम्ही घरची मंडळी वर्षातून तीन-चारदा जातो. सोबत गळ, गांडुळांचा डबा, कणकेचे गोळे आणि अम्मीने बांधून दिलेल्या रोट्या.

हिवाळ्यात पाणी निवळलेले असते. थंडीने मासा सुस्तावतो, म्हणून पहाटेची घाई नको. फजरनंतर निवांत निघावे आणि ऊन चढल्यावर गळ टाकावा. कणकेच्या गोळ्याला रोहू, मृगळ लागतात. मरळीला मात्र जिवंत भक्ष्य हवे; बेडकी किंवा लहान मासळी लावली तर झडप घालते.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गहू-हरभऱ्याला आणि बागांना पाणी दिल्याने जलाशय आटतो, काठाला भेगाळलेला गाळ उघडा पडतो. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून ठरावीक वेळाने वर येते. तिचा बुडबुडा दिसला की जाणकाराला जागा कळते. पण वरून सुकलेला गाळ आत ओला असतो. मुलांना त्यावर पाऊल टाकू देऊ नये.

पावसाळ्यात गढूळ पाणी चढते आणि मरळीची वीण सुरू होते. एका पावसाळ्यात काठालगत तांबूस पिलांचा थवा दिसला. मुलांनी लगेच गळ उचलला, तेवढ्यात जाळे सावरत बसलेले एक वयस्क ढिवरकाका म्हणाले, "भाऊ, यायचे मायबाप खालीच हायेत राखणीले. त्याइले काढू नका. ते गेले का बाकीचे मासे पिल्लं खाऊन टाकतेत."

मुलांनी गळ गुंडाळला. आम्ही काकांजवळ बसलो, तेव्हा आणखी एक गोष्ट उलगडली. मरळ अशा साचलेल्या पाण्यात वीण घालते. कतला, रोहू आणि मृगळ घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून जलाशयात त्यांची बोटुकली विकत आणून सोडावी लागते. पूर्वी हे बीज मुख्यतः नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्याने संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन अशा माशांचे प्रजनन घडवले आणि पुढे नद्यांवर अवलंबून न राहता बीज मिळू लागले. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन.

आपल्या राज्यात अशा जलाशयांचा ठेका बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतो. भोई-ढिवर कुटुंबे पदरचे पैसे घालून बीज सोडतात आणि महिनोन्‌महिने वाट पाहतात. आपल्याला मौज वाटणारा मासा कुणाच्या तरी घरची चूल असतो. तेव्हा गळ टाकण्याआधी त्यांना विचारावे आणि मोठी पिशवी भरायची असेल तर त्यांच्याकडूनच विकत घ्यावी. दुसऱ्याचा हक्क राखूनच घास गोड लागतो. जवळच्या बोर व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तर गळ काढूच नये. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे.

मासळीला जबिहाची गरज नाही, त्यामुळे ताजी मासळी घरी आली की थेट चुलीवर. मरळीला काटे कमी, म्हणून ती मुलांना आणि बुजुर्गांना द्यावी. हळद-मीठ, आले-लसूण आणि लाल तिखट लावून तासभर ठेवावी, मग कांद्या-टोमॅटोच्या रश्शात मंद आचेवर शिजवावी. सोबत गरम भात.

आता आमच्या घरात एक नियम आहे: पावसाळ्यात मरळीला गळ नाही. मुले तेव्हाही काठावर येतात, पण तांबूस थवा कुठे आहे ते शोधायला. थवा दिसला की हळू आवाजात एकमेकांना दाखवतात आणि चार पावले मागे सरून बसतात.