मागाच्या गावातील आवाज

रेडिओवर बोलणे हा पोटापाण्याचा उद्योग होऊ शकतो, ही गोष्ट आमच्या पिढीतील कुटुंबांस सहसा पटत नसे. मुलगा शिक्षक झाला, कारकून झाला, तर लोकांस समजे. तो रेडिओवर बोलतो म्हटले की पुढील प्रश्न ठरलेला, “ते ठीक, पण करतो काय?”

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीही हाच प्रश्न होता. घर सोलापूरच्या पूर्व भागातले, पद्मशाली. घरची भाषा तेलुगू आणि उपजीविका यंत्रमागाची. मराठी तो शाळेत शिकला, संस्कृत आमच्यापाशी. ‘ण’ आणि ‘ळ’ त्याच्या तोंडून वाड्यांतील मुलांपेक्षा स्वच्छ उमटत. तेलुगूतही हे वर्ण आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. अडे ते लिंगापाशी. भिंत स्त्री आणि दरवाजा पुरुष कशावरून, असे तो विचारी. त्यास उत्तर पाणिनीपाशीही नसावे!

पूर्वी रेडिओ म्हणजे मध्यम लहरी. वीज कडाडली किंवा शेजारची मोटार सुरू झाली की खरखर ठरलेली, आणि मोटारींची आमच्या गावास काय वाण! ही खरखर लहरीच्या उंचीत मिसळते. एफ. एम. पद्धतीत शब्द लहरीच्या कंपनसंख्येतील फरकांवर स्वार होतात, म्हणून ते बहुधा निर्मळ राहतात. आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकास 1933 साली याचे हक्क मिळाले; आपल्या देशात 23 जुलै 1977 रोजी मद्रासेस आरंभ झाला. सोलापूर आकाशवाणी 103.4 मेगाहर्ट्झवर ऐकू येते. परंतु जे श्रोत्यास सुख, तेच निवेदकास संकट. खरखरीच्या पदराआड पूर्वी कितीतरी अशुद्ध उच्चार झाकून जात. आता कागद उलटल्याचा आवाजही घरोघर पोहोचू लागला.

मुलगा स्वरचाचणीत उतरला आणि नैमित्तिक निवेदक झाला. म्हणजे पाळीगणिक मानधन, आणि महिन्यातून पाळ्या मोजक्याच. “मराठी आता तेलुगू घरातून शिकायची काय?” असे एका सद्गृहस्थांनी आम्हांस ऐकविले. आम्ही म्हटले, “रेडिओ लावा, आणि आडनाव ऐकू येते का ते सांगा.” त्याच्या वडिलांनी मात्र पहिल्या दिवशी माग बंद ठेवले होते. चालत्या मागाशेजारी मुलाचा आवाज कसा ऐकू यावा? तेवढे कापड बुडाले. त्याचा हिशेब त्यांनी कोणास सांगितला नाही.

पुढे त्याचे लग्न झाले. 2001 साली बंगळूरास देशातील पहिले खासगी एफ. एम. केंद्र सुरू झाले, आणि काही वर्षांनी अशाच एका केंद्राने त्यास दूरच्या शहरी मासिक वेतनावर बोलाविले. तो गेला. जावयासच हवे होते. संसार काही पाळ्यांवर चालत नाही. तेथील धांदलीची, खिचडी भाषा आम्हांस मुळीच रुचत नाही, आणि तसे आम्ही त्यास स्पष्ट कळविले. उलट टपाली त्याचे कार्ड आले. क्षेमकुशलानंतर एकच ओळ होती: “गुरुजी, खिचडी आहे खरी, पण लिंग चुकू देत नाही.”