न पाठवलेल्या पत्रांची शिस्त

छापण्याचा किंवा कोणाला दाखवण्याचा हेतू न ठेवता, मनात काय चालले आहे ते स्वतःला नीट दिसावे एवढ्याचसाठी केलेले लेखन हे मनःस्वास्थ्याचे अत्यंत स्वस्त साधन आहे, परंतु ते सोपे मात्र नाही. कारण एकांतातही माणूस प्रथम लिहितो ते बहुधा स्वतःची बाजू मांडणारेच असते. रोज लिहिणाऱ्याला ही सवय आपल्याच जुन्या पानांत सापडते, आणि ती ओळखून घडले तसे लिहिण्याचा सराव करणे हाच या कौशल्याचा गाभा होय. आत्मस्वीकार, म्हणजे आपल्या उणिवा न झाकता आणि त्यांपायी स्वतःला कमी न लेखता स्वतःला माणूस म्हणून मान्य करणे, या सरावातूनच हळूहळू अंगवळणी पडतो.

या कौशल्याचा एक अस्सल नमुना अहमदनगरलगतच्या भिंगारच्या शेजारीच घडला. भिंगार नाल्याजवळच्या अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ मध्ये, ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर मुंबईत अटक झालेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना आणण्यात आले, त्यांत जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव आणि शंकरराव देव यांच्यासह पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. सुरुवातीच्या काळात वर्तमानपत्रे आणि पत्रव्यवहार दोन्ही बंद होते. अशा स्थितीत आझादांनी आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून उर्दूत पत्रे लिहिली. ती टपालात पडणार नाहीत हे लिहितानाच त्यांना ठाऊक होते. पुढे १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली.

या संग्रहात पहाटेच्या चहाविषयी जितक्या तन्मयतेने लिहिले आहे, तितक्याच तन्मयतेने खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांविषयीही लिहिले आहे. त्यांना हुसकावून लावण्याचे सारे उपाय थकल्यावर आझादांनी तह केला, तांदळाचे दाणे ठेवायला सुरुवात केली आणि शेवटी चिमण्या त्यांच्या हातापर्यंत येऊ लागल्या. तथापि या कौशल्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पत्र ११ एप्रिल १९४३ चे आहे. दोनच दिवसांपूर्वी, ९ एप्रिलला, त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचे कोलकात्यात निधन झाले होते. पत्नीच्या आजारपणाच्या काळात सरकारकडे काही मागायचे असल्यास ते ताबडतोब कळवण्याची तयारी तुरुंगाधिकाऱ्याने दाखवली होती, पण आझादांनी काहीही मागितले नाही आणि आपला दिनक्रमही मोडू दिला नाही. वर्तमानपत्र येण्याची वेळ झाली की पावलांच्या चाहुलीने त्यांचे काळीज धडधडे. तरीही घाई नसल्यासारखे दाखवून ते हातातले लेखन चालूच ठेवीत. हे सारे त्यांनी पत्रात लिहिले आणि त्यापुढे जाऊन असेही नोंदवले, की हा बाहेरचा शांतपणा म्हणजे अहंकाराने वठवलेली एक भूमिका होती, कारण आपल्या धीरोदात्तपणाला डाग लागेल याचे त्याला भय होते.

धीर धरणे आणि धीराचा देखावा करणे यांतील भेद त्या क्षणी मनाला कळणे कठीण असते. तो कळतो तेव्हा बहुधा तपशील लिहिताना कळतो. ‘मन फार अस्वस्थ होते’ या वाक्यात लपायला पुष्कळ जागा असते, परंतु पावलांची चाहूल, धडधडणारे काळीज आणि थांबू न दिलेली लेखणी एवढे लिहून झाल्यावर ती जागा उरत नाही. म्हणून या लेखनाचा पहिला नियम असा, की निवाड्याआधी निरीक्षण लिहावे. ‘मी आळशी आहे’ हा निवाडा आहे. ‘सकाळी दोन तास कामाला हात लावला नाही आणि त्या कामाची भीती वाटत होती’ हे निरीक्षण आहे, आणि पुढचे पाऊल कोठे टाकावे ते त्यातूनच कळते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा, म्हणजे भावनांमागील अविवेकी समजुती तपासणाऱ्या उपचारपद्धतीचा, एक मुख्य आग्रह हाच होता, की कृतीचे मूल्यमापन अवश्य करावे, परंतु त्यावरून संपूर्ण माणसाची किंमत ठरवू नये.

दुसरा नियम वाचकासंबंधी आहे. समजूतदार स्नेह्याला उद्देशून लिहिताना माणूस स्वतःवर तितका निर्दय होत नाही आणि तितका खोटाही बोलत नाही; म्हणून पत्र पाठवायचे नसले तरी त्यावर नाव असावे. तिसरा नियम मर्यादेचा आहे. मानसशास्त्राचे संशोधक जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहिण्यास सांगितले होते. ज्यांनी आघाताच्या घटना आणि त्यांविषयीच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहिल्यावर लगेच अधिक उदास वाटले, परंतु पुढील महिन्यांत आरोग्यकेंद्रात जाण्याची गरज त्यांना कमी पडली. याउलट तेच दुःख त्याच शब्दांत रोज उगाळत राहिल्याने मन मोकळे होण्याऐवजी त्यातच गुंतत जाते, म्हणून वेळ ठरवून लिहावे, वही मिटावी आणि काही दिवसांनी शांतपणे पुन्हा वाचावी.

वाढीला लागणारा काळ मात्र ठरवून देता येत नाही. त्याच किल्ल्यात नेहरू कित्येक महिने दगडगोट्यांनी भरलेली जमीन खणून फुलांचे वाफे करीत राहिले, आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला तो एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या काळात, म्हणजे अटकेनंतर सुमारे वीस महिन्यांनी. लेखन सुचत नसताना हाताला दुसरे काम देणे हाही मनाच्या मशागतीचाच भाग आहे, आणि अशा रिकाम्या दिवसांबद्दल स्वतःला दोष देण्याचे कारण नाही.

वही हा वैद्यकीय उपचार नव्हे, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. झोप आणि भूक दीर्घकाळ बिघडली असेल, किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. मदत मागणे हाही आत्मस्वीकारच आहे. आझादांचे दुःख त्या पत्राने संपले नाही, परंतु दुःख होत नसल्याचे दाखवण्याचा भार त्यांनी निदान एका स्नेह्यासमोर उतरवून ठेवला. रोजच्या जगण्यात घर, नोकरी आणि नाती सांभाळताना असाच भार वाहणाऱ्या प्रत्येकाला एवढी मोकळीक मिळवता येते, आणि तिची सुरुवात एका खऱ्या, तपशीलवार वाक्याने होते.