रयत आली, राई मागेच राहिला

भाच्याच्या मराठीच्या वहीत होतं, ‘गुरे राखणारा – गुराखी’. त्यानं विचारलं, “मामू, मग बकऱ्या राखणाऱ्याला काय म्हणायचं?” सांगवीत पवनेच्या कडेला अजून कुणी ना कुणी चार बकऱ्या घेऊन उभं दिसतं, त्यामुळे प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता.

गुराखी म्हणजे गुरं राखणारा. मेंढ्यांसाठी मेंढपाळ आहे. शेळीला आपण गरिबाची गाय म्हणतो, पण तिच्या राखणदाराला रोजच्या बोलण्यात सुटसुटीत शब्द नाही. ‘शेळ्या राखणारा’ म्हणतो, तेही बहुधा पोराला टाकून बोलायला: अभ्यास कर, नाहीतर शेळ्या राखायला जाशील. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना हे जरा जास्तच ऐकावं लागतं, आणि ऐकवणारे सगळे परके नसतात.

अरबीत या माणसाला ‘राई’ म्हणतात. (मोहरी नव्हे.) चारणं आणि लक्ष ठेवणं, दोन्ही अर्थ त्या एकाच धातूत आहेत. तो जो कळप राखतो ती त्याची ‘रईय्यत’. हाच शब्द पुढे राज्यातल्या लोकांना लागला, फारसीतून मराठीत आला आणि ‘रयत’ झाला. दुकानदाराकडे आपण ‘रिआयत’ मागतो, तीही याच घरातली.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय आले. रयत मात्र लोकांच्या तोंडातून गेली नाही. इंग्रजांनी शेतसाऱ्याच्या पद्धतीला रयतवारी म्हटलं. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी संस्था काढली, तिच्या नावातही रयतच.

मला खटकतं ते हे, की रयत मराठीत आली आणि तिचा राई आला नाही. त्याच्या जागी आपण मायबाप सरकार बसवलं, साहेब बसवला. राईला संध्याकाळी जनावरं मोजून द्यावी लागतात. एक करडू कमी भरलं तर ते कुठं गेलं, हे सांगावं लागतं. साहेबाकडून कोण मोजून घेतो?

बुखारी शरीफमधली एक प्रसिद्ध हदीस याच शब्दावर उभी आहे. तिचा आशय असा की जो तो कुणाचा तरी राई आहे, शासक लोकांचा, नवरा-बायको घरादाराचे, नोकर मालकाच्या मालाचा, आणि प्रत्येकाला त्याच्या रईय्यतीबद्दल विचारलं जाणार. मराठीत सांगताना आपण ‘जबाबदार’ म्हणून मोकळे होतो. त्यात बकऱ्या गळून पडतात.

खुद्द प्रेषितांनी (स.) मक्केच्या लोकांची ‘गनम’ मजुरीवर राखली होती. गनम म्हणजे शेळ्या आणि मेंढ्या दोन्ही. ग-न-म याच अक्षरांतून ‘गनीमत’, म्हणजे लढाईतली लूट, आणि आपला ‘गनीम’. गनिमी काव्यालाही शेळ्यामेंढ्यांचा वास आहे म्हणायचा!

हजरत उमर (र.) यांच्याबद्दल सांगतात की फुरातच्या काठी एखादी बकरी हकनाक मेली तरी अल्लाह आपल्याला जाब विचारेल, अशी त्यांना धास्ती वाटे. ते राहायचे मदिनेत. फुरात तिथून कित्येक दिवसांच्या वाटेवर. दुरून कारभार हाकण्याला मराठीत उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. उमर होते दूरच, प्रवासाला उंटही होता, पण त्या बकरीचा हिशेब त्यांनी स्वतःच्या नावावर मांडून ठेवला होता.