चकत्या

ई अँड टीसीला असल्यामुळे घरच्यांच्या मते मला टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं. खरं तर सबमिशन उतरवून काढण्यापलीकडे मला फारसं काही येत नाही, पण हे घरी बोलायची सोय नाही. त्यामुळे गेल्या डिसेंबरात थिअरी आटोपून रत्नागिरीहून गावी, आंजर्ल्याला गेलो तेव्हा डोंबिवलीच्या काकाने पाठवलेला बिस्किटांचा डबा माझी वाटच बघत होता. आत बिस्किटं नव्हती. आठ सेंटिमीटरच्या तीन पिटुकल्या डीव्हीडी होत्या.

काकाने 2009 च्या मे महिन्यात हौसेने हाय डेफिनिशन कॅमेरा आणला होता, थेट चकतीवर रेकॉर्ड करणारा. पहिल्या चकतीवर आंबे उतरवणं, दुसरीवर आजोबा आगर शिंपताहेत. तिसरी काकाने 'फायनलाइझ' केलीच नाही, म्हणून लॅपटॉप तिला कोरी म्हणतो. आणि कॅमेरा तर कधीच विकला!

महत्त्वाची होती ती दुसरी. आजोबा 2012 साली गेले. त्यांचे फोटो ढीगभर आहेत, पण आवाज दुसरीकडे कुठेच नाही. आणि ज्या आगरात ते उभे आहेत ते आगरही उरलं नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि शेजारच्या आमच्या दापोली तालुक्यातही माडा-पोफळींच्या पार काड्या करून गेलं. आमच्या सत्तर पोफळींपैकी उभ्या राहिल्या अकरा.

तर चकतीवरचं चित्र होतं एच.264 मध्ये, आवाज एसी-3 मध्ये, आणि 1.4 जीबीत जेमतेम वीस मिनिटं. मी तोऱ्यात ठरवलं, हे सगळं एच.265 मध्ये करून टाकू. 264 आलं 2003 साली, 265 आलं 2013 साली; तोच दर्जा साधारण निम्म्या जागेत बसतो, हे मी वाचलेलं होतं. म्हटलं, निम्म्या कशाला? सेकंदाला नऊ मेगाबिट होते, त्याचा एक केला. अख्खी चकती दोनशे एमबीच्या आत! आवाजाचं काय करायचं ते नीट ठाऊक नव्हतं, म्हणून तिथे नुसतं 'कॉपी' लिहून मोकळा झालो.

पहिल्या रात्री चार तास लॅपटॉप गरगरला आणि लाईट गेली. बॅटरी आधीच मेलेली. एमपी4 फाईलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, ती लिहायच्या आतच लॅपटॉप बंद, म्हणजे चार तासांचं काम असून नसल्यासारखं. दुसऱ्या रात्री मात्र जमलं. सगळे झोपलेले, म्हणून आवाज बंद ठेवून छोट्या खिडकीत चित्र पाहिलं. झकास. सकाळी जाहीर केलं, "आता या चकत्यांची गरज नाही." कोरी म्हणणारी तेवढी ठेवून घेतली, न जाणो कधी उघडली तर. फाईल आजीच्या फोनवर टाकली आणि रत्नागिरीची एसटी धरली.

जानेवारीत आजीचा फोन. "अरे बाळा, हे बोलताहेत पण ह्यांचा आवाज कुठाय?"

आजीच्या फोनला एसी-3 कळत नव्हतं. आजोबांचे ओठ हलत होते, बाकी शांतता. मी म्हटलं, काही नाही, चकतीवरून पुन्हा करतो. शनिवारी घरी पोचलो. लॅपटॉप टीव्हीला जोडून आधी जुनीच फाईल लावली, आणि मोठ्या पडद्यावर माझे प्रताप दिसले.

आजोबांचा चेहरा ठीक. गडगा ठीक. मागच्या पोफळींचा मात्र हिरवा लगदा झालेला. कोडेक प्रत्येक चित्र अख्खं साठवत नाही. एक पूर्ण ठेवतो आणि मग हा तुकडा इतका सरकला, तो तितका सरकला, एवढंच टिपून ठेवतो. गडगा कशाला सरकतोय? पण वाऱ्यावरच्या झावळ्यांची प्रत्येक पाती आपल्या मर्जीने हलते. तिथे अंदाज चुकतो, चूक लिहायला बिट हवेत, आणि ते तर मी कापलेले. मग बारीक तपशील आधी जातो. हे काम ज्या डीसीटीच्या जोरावर चालतं, ती मांडणाऱ्यांतले नासिर अहमद आपल्या बंगळुरूचे. त्यांचा पेपर 1974 चा. डीएसपीच्या ओरलला मला हाच प्रश्न आला होता. फॉर्म्युला घडाघडा म्हटला होता. त्याचा अर्थ आमच्या टीव्हीवर हिरवा होऊन पसरला होता.

"चकत्या कुठे आहेत?" मी विचारलं.

परसात माठाच्या वाफ्यावर. दोऱ्याला बांधून, पाखरं भिवविण्यासाठी! मीच तर गरज नाही म्हणालो होतो. तीनेक आठवडे त्या उन्हात लखलखत होत्या आणि वारा सुटला की गडग्यावर आपटत होत्या. पहिली वाचली गेली. दुसरीवर लॅपटॉप अर्धा तास कुरकुरला, नंतर तिला ओळखही दाखवेना. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

रात्री सहज लक्षात आलं. चित्राची मी वाट लावली होती, पण आवाजाला हातच लावला नव्हता! आळसाने लिहिलेल्या त्या 'कॉपी'मुळे तो जसाच्या तसा फाईलमध्ये होता. एसी-3 चं एएसी केलं, चित्राला या वेळी धक्का लावला नाही. पाच मिनिटांचं काम. आणि ती जुनी फाईल तीन ठिकाणी उतरवून ठेवली.

आजीला ओटीवर बसवून फोन हातात दिला. पाण्याची झुळझुळ, कावळे, आणि मग आजोबा काकावर खेकसले, "ते ठेव बाजूला आणि पाणी वळव इकडे!"

आजी हसली. मग बोट टेकवून त्या हिरव्या लगद्यातल्या पोफळी मोजायला लागली. ही विहिरीकडची, ही वाकडी, ही तुझ्या बाबाने लावलेली. मला काही दिसत नव्हतं. मी नुसतं हो हो म्हणत होतो.

दुसरी चकती पुन्हा वाफ्यावर लटकते आहे. पाखरं तिला अजिबात घाबरत नाहीत.