विहारयात्रा कीं धर्मयात्रा?

सोपाऱ्यास १८८२ सालीं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सांपडला. त्यावर अक्षरें थोडींच उरलीं आहेत. बाकीचा मजकूर गिरनार वगैरे ठिकाणच्या लेखांवरून जुळतो. पूर्वींचे राजे विहारयात्रेस निघत, म्हणजे मृगया व तत्सम करमणूक करीत; प्रियदर्शी राजा मात्र राज्याभिषेकास दहा वर्षें झाल्यावर संबोधीस गेला व तेथून धर्मयात्रा सुरू झाल्या, असा त्याचा आशय. ब्राह्मण-श्रमणांस दान, वृद्धांचें दर्शन, जनपदांतील लोकांची भेट, हें त्या यात्रेचें स्वरूप. (पैकीं वृद्धदर्शन आमच्या घरच्या मुलांस रोज फुकट घडतें, व त्याचा त्यांस कंटाळा आलेला आहे.)

प्रवासाचा हा भेद ज्या भूमींत दगडावर कोरला गेला, ती भूमि भिवंडीहून अर्ध्या दिवसांत जाऊन येण्याजोगी. तरी आमच्या घरांतील एकाही मुलानें ती पाहिली नव्हती. मुलांच्या लेखीं भिवंडी म्हणजे यंत्रमागांची खटखट आणि गोदामांपुढें उभ्या असलेल्या मालमोटारी. त्यांतच दिवाळीनंतर वाडा सोडून सर्वांनीं पुण्यास जावयाचें ठरलें. पुतण्याची नोकरी तिकडची, त्याचें म्हणणें रास्तच. पण चार पिढ्या जेथें नांदल्या, त्या मुलखाचें कांहींच बरोबर न घेतां मुलें जाणार, हें आमच्या मनास लागून राहिलें. म्हणून गेल्या रविवारीं पुतण्याची मोटार, सौभाग्यवतींच्या दशम्या व मेतकूट, आणि तिघें नातवंडें घेऊन आम्ही निघालों.

प्रथम वज्रेश्वरी. वसई हातीं आली तर देऊळ बांधीन, असा चिमाजी अप्पांचा नवस होता, अशी परंपरा आहे. दर्शन घेतलें, अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडावर मुलें रमलीं, आणि शिरसाडावरून महामार्गास लागून सोपाऱ्यास आलों.

शूर्पारक हें नांव आम्हीं मुलांस वाटेंत इतकें घोकवून घेतलें होतें, कीं त्यांस बहुधा सुवर्णनगरी दिसणार असें वाटलें असावें. प्रत्यक्षांत विटांचा एक ढिगारा, भोंवतीं नव्या वस्तीच्या उंच इमारती, आणि समुद्र कोठेंच नाहीं. खाडी गाळानें भरली, बंदर मेलें. धाकटा म्हणाला, "आजोबा, येथें पाहावयाचें काय?"

प्रश्न योग्य होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ मध्यें हा स्तूप उकरला, तेव्हां आंत दगडी करंडा निघाला. त्यांत आठ ब्राँझमूर्तींच्या मध्यें तांब्याची डबी. तिच्यांत रुप्याची, तींत दगडाची, मग स्फटिकाची, आणि शेवटीं सोन्याची. सोन्याच्या डबींत सोन्याचीं फुलें आणि मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. तें भिक्षापात्र बुद्धाचें मानलें गेलें. म्हणजे इतकीं आवरणें एका खापरासाठीं! हे करंडे आज मुंबईस एशियाटिक सोसायटीकडे आहेत. शिलालेखाचा तुकडा, व १९५६ सालीं भुईगांवीं मिळालेला नवव्या लेखाचा तुकडा, मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत. सोपाऱ्यास उरल्या त्या विटा. धाकट्यानें एका विटेवर तळहात ठेवला व बराच वेळ उचलला नाहीं. आम्हीं पुढें व्याख्यान दिलें नाहीं. शिक्षकास हें कठीण जातें.

वसईस मात्र बोलावें लागलें नाहीं. किल्ल्यांत पडक्या देवळांसारख्या ख्रिस्तमंदिरांच्या उंच भिंती उभ्या आहेत, छपरें गेलीं आहेत, आणि कमानींतून आकाश दिसतें. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. मे १७३९ मध्यें ती मराठ्यांनीं घेतली. शरण आलेल्यांस चिमाजी अप्पांनीं बायकामुलांसह सन्मानानें जाऊं दिलें. येथील ख्रिस्तमंदिरांतील घंटा मराठ्यांनीं नेल्या. त्यांपैकीं एक नाशिकास नारोशंकराच्या देवळांत आहे.

थोरल्या नातीनें विचारलें, "मग वसईचा तह तो हाच?" नव्हे. तो ३१ डिसेंबर १८०२ चा. दुसरे बाजीराव इंग्रजांच्या आश्रयास गेले तो. एकाच गांवाच्या नांवावर त्रेसष्ट वर्षांच्या अंतरानें आलेल्या या दोन तारखा आम्हीं वर्गांत अगणित वेळां फळ्यावर लिहिल्या. किल्ल्याच्या तटाखालीं उभें राहून उच्चारतांना दुसरी तारीख घशांत अडकली. पुतण्या म्हणाला, "काका, पाणी घ्या."

परततांना कामणवरून आलों. रस्त्याची दुरवस्था वर्णन करण्यांत अर्थ नाहीं. अंजूर फाट्यावर मालमोटारींच्या रांगेंत पाऊण तास खोळंबलों, तेव्हां नातवंडांस सांगितलें कीं, ज्यांनीं वसईच्या मोहिमेसाठीं पेशव्यांच्या मागें लकडा लावला, ते गंगाजी नाईक याच अंजूरचे. नात एकदम खिडकींतून पाहूं लागली.

"म्हणजे आपल्या भिवंडीचे?"

"येथूनच थोडें आंत."

ती पुतण्यास गाडी आंत वळवावयास सांगूं लागली. अंधार पडला होता, सौभाग्यवतींचे पाय दुखत होते. पुढील रविवारीं अंजूर व लोणाडचें लेणें पाहावयाचें ठरलें आहे. दशम्यांचें पीठ काल दळून आलें.