उलट्या उजेडातला चेहरा

कापडाच्या मागून दिवा लावला, की तो माणूस नाहीसा होतो. रक्ताचे म्हणून ओळखले जाणारे डाग राहतात, जळक्या खुणा राहतात, पाणी ओघळून वाळल्याच्या कडा राहतात. माणूस तेवढा जातो. ट्यूरिनच्या कफनाचे फोटो मी पुष्कळ पाहिले आहेत. पण १९७८ सालच्या या एका फोटोपाशी नजर दर वेळी थबकते.

येशूचा देह याच वस्त्रात गुंडाळला होता, अशी लाखोंची श्रद्धा. सुमारे ४.४ मीटर लांब, १.१ मीटर रुंद असं हे लिनन, आणि त्यावर डोक्याला डोकं लावून दोन आकृत्या : एक समोरून, एक पाठीमागून. रंग वाळल्या गवताचा. जवळ गेलं की आकृती विरते, दोनेक मीटर मागे सरकलं की पुन्हा जुळून येते. देवदर्शनाला आलेला माणूस पुढे घुसायला बघतो. इथं मागे सरकावं लागतं.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकी शास्त्रज्ञांचा एक चमू ट्यूरिनला उतरला. पाच दिवस, रात्री धरून, त्यांनी या कापडावर नाना तऱ्हेचा उजेड टाकला. क्ष-किरण, अतिनील, उष्णता टिपणारे कॅमेरे. १५३२ मध्ये हे कापड आजच्या फ्रान्समधल्या शाँबेरीत असताना तिथल्या चॅपलला आग लागली होती, तेव्हा पेटीची चांदी वितळून घडी घातलेल्या कापडातून आरपार गेली. त्या भाजल्या खुणा अतिनील उजेडात तांबूस चमकल्या. आकृती चमकली नाही. म्हणजे नुसत्या तशा भाजण्यातून ती उमटलेली नव्हे. ती धाग्यांच्या अगदी वरच्या तंतूंवर आहे, आत उतरलेलीच नाही. मागचा दिवा तिला पुसून टाकतो तो म्हणूनच. रंग सापडला नाही, असं या चमूनं सांगितलं. वॉल्टर मॅक्रोन या सूक्ष्मदर्शकाच्या जाणकारानं मात्र गेरू आणि हिंगूळ दिसल्याचं ठासून सांगितलं, आणि तो वाद मिटला नाही तो नाहीच.

पण कॅमेऱ्यानं खरा चमत्कार केला तो त्याच्या ८० वर्षं आधी. २८ मे १८९८. सेकोंदो पिया हा वकील, फोटोग्राफीची हौस असलेला. कफनाच्या प्रदर्शनाच्या निमित्तानं त्याला कॅथेड्रलमध्ये फोटो घ्यायची परवानगी मिळाली. तीन दिवस आधीचा प्रयत्न दिव्यांच्या उष्णतेनं काचा तडकून फसला होता. या रात्री विजेच्या दिव्यांत त्यानं काचेच्या मोठ्या प्लेट्सवर मिनिटांच्या हिशेबानं उजेड घेतला, आणि डार्करूममध्ये द्रावणातून प्लेट वर काढली.

आमच्या घरी स्टुडिओतून आलेल्या पाकिटात निगेटिव्ह असायच्या. खिडकीशी धरल्या की आजोबांचं धोतर काळं, केस काळेभोर. म्हातारा माणूस क्षणात तरुण व्हायचा आणि जरा भीतिदायकही. निगेटिव्ह म्हणजे माणसाचं भूत, हे मनात पक्कं बसलेलं. पियाच्या हातात उलटं घडलं. कापडावर जो भुतासारखा होता, तो निगेटिव्हमध्ये माणूस झाला. मिटलेले डोळे, लांब नाक, दाढी, गालांचा उंचसखलपणा. काळं-पांढरं उलटलं आणि चेहरा सुलटा झाला.

लोकांनी पियावर बनावाचा आळ घेतला. १९३१ मध्ये ज्युझेप्पे एन्री या व्यावसायिक छायाचित्रकारानं नव्यानं फोटो काढले, तेव्हा पंचाहत्तरीचा पिया तिथं हजर होता. तोच चेहरा पुन्हा आला. त्या म्हाताऱ्याला काय वाटलं असेल!

पुढं १९७६ मध्ये फोटोतला फिकट-गडदपणा उंचीत बदलणाऱ्या एका यंत्राला हा फोटो दिला, तर पडद्यावर गाल, नाक, कपाळ बऱ्यापैकी नीट उठून आले; साध्या फोटोंचं त्यात वेडंवाकडं व्हायचं. आणि २०२५ मध्ये ब्राझीलच्या सिसेरो मोराएस यांनी संगणकावर अंगाभोवती कापड पांघरून पाहिलं : खऱ्या देहावर आकृती रुंद फाकते, उथळ कोरीव शिल्पावर मात्र कफनासारखी उमटते.

मग वय? त्याचं उत्तर कुठल्याच उजेडानं दिलं नाही. त्यासाठी कात्री लागली. १९८८ मध्ये कडेचा एक तुकडा कापून ॲरिझोना, ऑक्सफर्ड आणि झुरिच इथल्या प्रयोगशाळांना वाटला, जाळला, आणि कार्बननं सांगितलं : १२६० ते १३९०. कफनाची पहिली ठळक नोंद फ्रान्सच्या लिरे गावी १३५५ च्या आसपासची आहे. १३८९ मध्ये तिथल्या बिशपनंही हे चित्रकाराचं काम असल्याचं लिहून ठेवलं होतं. नेमकी ती कड नंतर रफू केलेली होती, वगैरे हरकती मी वाचल्या आहेत. त्या मला पटत नाहीत. कापड मध्ययुगातलं आहे, असं मी धरून चालतो. तरी त्या बनवणाऱ्याबद्दलचं माझं कुतूहल त्यानं कमी होत नाही. निगेटिव्ह म्हणजे काय हे ठाऊक नसताना, पाचेक शतकांनी डार्करूममध्येच उमगेल असं काहीतरी त्याच्या हातून घडलं, आणि कसं ते आजही कुणी पुरतं करून दाखवलेलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात घोळत राहते. प्रार्थनेच्या कार्डांवर, भिंतीवरच्या तसबिरींत, १९४० च्या सुमारास निघालेल्या पवित्र मुखाच्या पदकावर जो चेहरा आहे, तो कापडावरचा नाही. तो निगेटिव्हमधला आहे. पाच शतकं भाविकांनी ज्या आकृतीपुढे गुडघे टेकले त्यात हे डोळे कुणाला दिसले नव्हते. फोटो काढायला नेलेल्या यंत्रानं पूजेला नवी मूर्ती दिली. चर्चनंही ती हसतमुखानं घेतली. २०१५ च्या प्रदर्शनाला वीस लाखांवर माणसं आली. प्रत्यक्ष दर्शनाआधी त्यांना एक छोटी फिल्म दाखवत : चेहरा कुठे आहे, हात कुठे, जखमा कुठे. मग काही मिनिटं कापडासमोर. त्या फिक्या डागांत प्रत्येकजण पियानं काढलेला चेहरा शोधत असतो, आणि बहुतेकांना तो सापडतोही.