फुलराणीचा उच्चार

काही वर्षांपूर्वी अभ्यासानिमित्त आम्ही जर्मनीत होतो. एका सायंकाळी तेथील धर्मगुरू-मित्रांनी आम्हांस ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका पाहावयास नेले. आमचे जर्मन ज्ञान जेमतेम. परंतु कथानक जुन्या ओळखीचे होते. पु. ल. देशपांडे यांची १९७५ सालची ‘ती फुलराणी’ सेमिनरीत असताना आम्ही पाठ होईस्तोवर वाचली होती. त्यामुळे शब्द न कळताही कोठे हसायचे, हे आम्हांस कळत होते.

मनात मात्र एक शंका होती. लंडनच्या फुलवालीचे अशुद्ध उच्चार जर्मनमध्ये कसे उतरावेत? शेजारच्या मित्राने सांगितले, “जर्मन अनुवादात ती बर्लिनच्या रस्त्यावरची बोली बोलते.” मग आठवले, शॉ यांचे मूळ नाटकसुद्धा १९१३ साली प्रथम रंगमंचावर आले ते व्हिएन्नात, जर्मन भाषेतच! प्रत्येक भाषेला आपापली मंजुळा असते, असे म्हणून आम्ही हसलो.

पुढे पैज जिंकल्याच्या आनंदात प्राध्यापक मश्गूल झाले आणि ती मुलगी एका बाजूस मूक उभी राहिली. तेव्हा आमचे हसू मावळले. आम्हांस मानोरा आठवला.

पोहरादेवीमुळे अवघ्या बंजारा समाजास परिचित असा हा आमचा तालुका. नाताळच्या नाटुकल्यात तांड्यावरची एक मुलगी देवदूत झाली होती. तिच्या घरची बोली गोरमाटी. ‘शुभवर्तमान’ हा शब्द तिच्या तोंडी ‘सुभवर्तमान’ असा येई. सर्वांदेखत आम्ही तिला तीनदा थांबविले आणि अखेर ती भूमिका दुसरीस दिली. ती काही बोलली नाही. हाती दिवा घेऊन मागे उभी राहिली.

परतल्यावर पुढल्या नाताळात आम्ही मेंढपाळांचे संवाद गोरमाटीत बसविले. सर्वांना शब्द कळले नाहीत. पण कोठे हसायचे ते कळले. ती मुलगी मात्र आईवडिलांसोबत ऊसतोडीस गेली होती.

चैत्रात ती परतली, तेव्हा आम्ही म्हणालो, “बाळ, त्या दिवशी आमचे चुकले.”

ती लाजली. म्हणाली, “फादर, आता येतो तो शब्द.” आणि तिने तो अगदी स्पष्ट म्हणून दाखविला.

आम्ही निरुत्तर झालो.